बिल्ड क्रमांक ४१७

माझ्या लॅपटॉपवर चालतं.
हे वाक्य मी सोहेल मुजावरला तिसऱ्यांदा पाठवलं,
मिरजेतून त्यानं तिसऱ्यांदा
नुसता लाल ठिपक्याचा फोटो.

विट्यात रात्रीचे साडेबारा.
मागच्या गल्लीत यंत्रमाग चालूच,
खटक-खटक, खटक-खटक,
कुठल्यातरी गावाच्या अंगासाठी कापड.
आणि कुठल्याशा थंड खोलीत, देश कुणास ठाऊक,
एक भाड्याचं मशीन
दर वेळी कोरं होऊन जन्मतं,
माझा कोड पहिल्यांदाच बघितल्यासारखा वाचतं
आणि अकराव्या मिनिटाला म्हणतं:
हा मॅक्रो आधी मान्य करा, मगच वापरता येईल.

मान्य केलाय की!
मार्चमध्ये. याच खुर्चीत. चहा पिता पिता
एक चौकट आली, विश्वास ठेवायचा?
ठेवला. बटण दाबलं. चौकट गेली.
काय वाचलं होतं मी तेव्हा? काही नाही.
त्या मॅक्रोचं कामच असं,
मी एक ओळ लिहावी,
त्यानं माझ्या पाठीमागं चाळीस लिहाव्यात,
चाळीसच्या चाळीस माझ्या नावावर.

तिकडच्या मशीनला खुर्ची नाही, चहा नाही,
बटण दाबायला बोट नाही.

कॅशे पुसली.
आवृत्ती एक पायरी खाली आणली, परत वर नेली.
सिंटॅक्सचं ते अवाढव्य पॅकेज पुन्हा पायापासून बांधलं गेलं,
नऊ मिनिटं नुसती त्यातच.
४१३. ४१४. आणि ४१५, जे मीच अर्ध्यात मारलं.
मग सोहेलचा निरोप:
तपासणी वगळायचा एक फ्लॅग आहे. लाव आणि झोप.

लावला.
४१६ हिरवं.

आबा पाणी प्यायला उठले होते.
एकतीस वर्षं कोइमतूरला गलाईचं दुकान,
उजव्या हाताच्या दोन बोटांवर अजून ॲसिडचे फिकट डाग.
"निघालं का?"
निघालं.
"कसं?"
म्हटलं, तिकडचं मशीन विचारतं, हा माल ओळखीचा का.
त्याला सांगितलं, विचारूच नको.

"ह्याच मालाचं?"
कुठल्याच.

आबा दारात उभे, तांब्या हातात.
"म्हंजे उद्या पितळ आलं तरी?"

मी हसले. ते हसले नाहीत.
"आम्ही बी केलं हुतं एकदा. गर्दी हुती,
माणूस ओळखीचा हुता."
एवढंच. मग उभ्यानंच पाणी प्याले.
पुढचं त्यांनी कधी सांगितलं नाही,
एका दिवाळीला आम्ही गावी आलो नव्हतो
तेवढं मला आठवतं.

दीड वाजता सापडली ती फाइल,
माझ्याच मशीनच्या एका लपलेल्या फोल्डरात.
पाच नावं, प्रत्येकापुढं लांबलचक आकड्या-अक्षरांचा अंगठा,
मार्चपासून पडून.
आबांची वही अशीच होती, लाल कापडात बांधलेली:
नाव, वजन, कस, अंगठा.

मग ते पॅकेज उघडलं. वाचलं.
चाळीस नव्हत्या, त्रेपन्न ओळी.
वावगं काही नाही.
एकोणतिसावी अजूनही मला नीट कळलेली नाही.

फ्लॅग काढला.
वही रिपॉझिटरीत ठेवली,
बिल्डच्या आधी त्या कोऱ्या मशीनपुढं ती उघडायची
अशा दोन ओळी लिहिल्या,
आवृत्ती खिळा ठोकून जागेवर बसवली
आणि ४१७ ढकललं.

सहाव्या मिनिटाला वीज गेली.
माग थांबले. गल्लीला एकदम दडे बसल्यासारखं झालं.
राउटरचे दिवे विझले, बॅटरी चौतीस टक्के.
तिकडं ते चालूच असणार,
त्याला आमची वीज लागत नाही.

फोनवरून बघता आलं असतं.
मी फोन पालथा घातला.

अंधारात आबांच्या खोलीतून आधी खोकला, मग,
"लागलं का कसाला?"

सकाळी बघते, म्हटलं.